मुलांच्या श्वसनसंसर्गातील जिवाणू ओळखणारी जलद पीसीआर तपासणी: कोकणातील पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविडच्या साथीत 'आरटीपीसीआर' हा शब्द कोकणातल्या वाडीवाडीवर पोहोचला. तेव्हापासून मुलाचा खोकला आठवडाभर हटला नाही की पालक स्वतःहूनच "पीसीआर करून घेऊ या का?" असे विचारू लागले आहेत. ही विचारणा रास्त आहे. मात्र विषाणूसाठी केलेली पीसीआर आणि जिवाणूसाठी केलेली पीसीआर यांच्या निकालांचा अर्थ सारख्याच पद्धतीने लावता येत नाही आणि बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात. पुढील उत्तरे पालकांसाठी आहेत. आशाताई आणि ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका यांनाही त्यांतला काही भाग उपयोगी पडावा. मुलाला तपासून निर्णय घेण्याचे काम अर्थातच डॉक्टरांचे आहे.

या तपासणीत नेमके काय केले जाते?

प्रत्येक जिवाणूच्या डीएनएमध्ये त्या जातीची ओळख पटवणारे काही भाग असतात. उदाहरणार्थ, न्यूमोकोकस हा न्यूमोनिया घडवणारा जिवाणू ओळखण्यासाठी बहुतेक प्रयोगशाळा 'लिट-ए' नावाचे जनुक शोधतात. मुलाच्या नाकातून, घशातून किंवा श्वासनलिकेतून घेतलेल्या नमुन्यातील डीएनए आधी वेगळा काढतात. मग तो सुमारे ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्याचे दोन धागे सुटे करतात आणि तापमान उतरवून हव्या त्या भागाची नक्कल करून घेतात. हीच क्रिया पुन्हा पुन्हा केली की प्रत्येक फेरीत तुकड्यांची संख्या दुप्पट होत जाते. सारे काही आदर्श चालले, तर ३० फेऱ्यांनंतर एका तुकड्याचे १०७ कोटींहून अधिक तुकडे होतात. ही युक्ती कॅरी म्युलिस या अमेरिकी शास्त्रज्ञाला १९८३ मध्ये सुचली आणि तिच्यासाठी त्याला १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या यंत्रांत नक्कल होत असतानाच प्रकाशाच्या खुणेवरून ती मोजली जाते आणि एकाच कार्ट्रिजमध्ये (यंत्रात घालायच्या बंद डबीत) वीस-बावीस जंतूंचा शोध एकदम घेता येतो. अशा एकत्रित तपासणीला 'पॅनेल' म्हणतात.

कल्चरची सोय असताना ही तपासणी कशासाठी?

कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातला जिवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, जिवाणू जिवंत असावा लागतो आणि तो काचेच्या बशीत वाढेपर्यंत थांबावे लागते. नेहमीच्या जिवाणूंना त्यासाठी एक ते तीन दिवस लागतात, तर क्षयरोगाच्या जिवाणूसाठी सहा आठवड्यांपर्यंत वाट पाहावी लागते. मायकोप्लाझ्मासारखे जिवाणू नेहमीच्या कल्चरमध्ये वाढतच नाहीत. रक्ताच्या कल्चरची मदत होईल म्हणावे, तर न्यूमोनिया झालेल्या दहा मुलांपैकी एकाच्याही रक्तात जिवाणू सापडेल याची खात्री नसते.

कोकणाच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. न्यूमोकोकस आणि हिमोफिलस हे दोन्ही जिवाणू नाजूक असतात. शरीराबाहेर आल्यावर ते लवकर मरतात आणि न्यूमोकोकस तर स्वतःलाच विरघळवून टाकतो. गुहागर तालुक्यातल्या एखाद्या गावातून सकाळी घेतलेला नमुना प्रयोगशाळेत संध्याकाळी पोहोचला, तर कल्चरमध्ये अनेकदा काहीच उगवत नाही आणि रिपोर्टवर 'वाढ नाही' असे लिहून येते. पीसीआरला जिवंत जिवाणूची गरज नसते, मेलेल्या जिवाणूचा डीएनएही तिला पुरतो. हा तिचा मोठा गुण आहे, आणि काही प्रसंगी हाच तिचा दोष ठरतो. त्याविषयी पुढे येईलच.

'जलद' म्हणजे निकाल किती वेळात मिळतो?

यंत्राला लागणारा वेळ आणि पालकांच्या हातात रिपोर्ट येईपर्यंतचा वेळ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि जाहिरातीत फक्त पहिलीच सांगितली जाते. श्वसनमार्गाच्या कार्ट्रिज-पॅनेलला यंत्रात सुमारे पाऊण ते एक तास लागतो. क्षयरोगाच्या सीबीनॅट तपासणीला दोन तासांच्या आत-बाहेर वेळ लागतो, तर क्षयरोगाच्याच ट्रूनॅट तपासणीला साधारण तासभर लागतो.

नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्याचा वेळ यात धरलेला नसतो. मोठी पॅनेल करणारी यंत्रे प्रामुख्याने मोठ्या शहरांतील रुग्णालयांत आणि खाजगी प्रयोगशाळांत असतात. त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या संकलन केंद्रात दिलेला नमुना अनेकदा मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा गोव्याकडे रवाना होतो. जुलै महिन्यात घाटात दरड कोसळली किंवा महामार्ग तुंबला, तर तासाभराच्या तपासणीचा निकाल तिसऱ्या दिवशीही येऊ शकतो. तोवर मूल एक तर सुधारलेले असते, नाहीतर त्याला मोठ्या रुग्णालयात हलवावे लागलेले असते. म्हणून संकलन केंद्रात पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: यंत्र नेमके कोठे आहे, आणि रिपोर्ट कोणत्या वाराला किती वाजता मिळेल. याचे नेमके उत्तर मिळत नसेल, तर ती तपासणी त्या मुलापुरती जलद नाही असेच समजावे.

मुलाला ताप-खोकला आहे. लगेच ही तपासणी करावी का?

बहुतेक वेळा नाही. लहान मुलांचे सर्दी-खोकले मुख्यतः विषाणूंमुळे होतात आणि पश्चिम किनाऱ्यावर इन्फ्लुएन्झासारख्या विषाणूंचा जोर पावसाळ्यात वाढतो. गणपतीत मुंबईहून घर भरते, एका खोलीत सात-आठ माणसे झोपतात आणि विसर्जनापर्यंत घरातली सगळी मुले खोकू लागतात. त्या प्रत्येक मुलाचा स्वॅब घेऊन हाती काही लागत नाही.

घरी किंवा आरोग्य केंद्रात सर्वांत आधी श्वास मोजावा. त्यासाठी एकही पैसा लागत नाही आणि माझ्या मते कोणत्याही यंत्राआधी तेच व्हायला हवे. मूल शांत असताना, शक्यतो झोपलेले असताना, पूर्ण एक मिनिट छाती-पोटाची हालचाल मोजावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असेल, तर तो जलद श्वास होय. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ अंगावर पीत नसेल, सारखे उलट्या करत असेल, झटके येत असतील, ओठ निळसर दिसत असतील किंवा मूल नेहमीसारखे जागे राहत नसेल, तर तपासणीचा विचार बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली असेल, तरीही तेच करावे.

साध्या न्यूमोनियात डॉक्टर तपासणीची वाट न पाहता अमॉक्सिसिलिन सुरू करतात आणि ते योग्यच आहे. तपासणीचा विचार होतो तो प्रामुख्याने पुढील मुलांबाबत: ज्यांना दाखल करावे लागले आहे, ज्यांना दोन-तीन दिवसांच्या औषधानंतरही उतार नाही, ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, ज्यांच्यात डांग्या खोकल्याचा किंवा क्षयरोगाचा संशय आहे, आणि जी अतिदक्षता विभागात आहेत.

अशा तपासणीत कोणकोणते जिवाणू ओळखता येतात?

ते पॅनेलवर अवलंबून आहे. नाकाच्या मागील भागातील स्वॅबवर चालणाऱ्या पॅनेलांत विषाणूंची संख्या जास्त असते. जिवाणूंपैकी बहुधा मायकोप्लाझ्मा न्यूमोनिए, क्लॅमिडिया न्यूमोनिए आणि डांग्या खोकल्याचे बोर्डेटेला एवढेच त्यांत असतात. खोल कफावर किंवा श्वासनलिकेतून ओढून काढलेल्या स्रावावर चालणारी न्यूमोनियाची पॅनेल निराळी असतात. त्यांत न्यूमोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झी, स्टॅफिलोकोकस ऑरियस, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास असे जिवाणू येतात आणि डीएनएचे प्रमाणही अंदाजाने कळते. प्रतिमिलिलिटर १० हजार, १ लाख, १० लाख आणि १ कोटी किंवा त्याहून अधिक अशा टप्प्यांत ते दिले जाते.

पॅनेलमध्ये जो जिवाणू घातलेलाच नाही, तो कधीच सापडणार नाही. याचे किनारपट्टीला लागू पडणारे एक उदाहरण म्हणजे मेलिओइडोसिस. हा आजार घडवणारा जिवाणू ओल्या मातीत राहतो. आपल्याच किनाऱ्यावर खाली उडुपी-मंगळूर पट्ट्यात, विशेषतः पावसाळ्यात, त्याचे रुग्ण आढळतात. नेहमीच्या श्वसन पॅनेलांत हा जिवाणू नसतो आणि त्याची औषधेही वेगळी असतात. म्हणून पावसाळ्यातला न्यूमोनिया नेहमीच्या औषधांना दाद देत नसेल आणि पॅनेल निगेटिव्ह असेल, तर कल्चर केलेच पाहिजे.

रिपोर्टमध्ये न्यूमोकोकस 'आढळला' असे आहे. म्हणजे मुलाला न्यूमोकोकसचाच न्यूमोनिया झाला आहे का?

तसे ठामपणे म्हणता येत नाही. या सगळ्या विषयातला खरा पेच येथेच आहे.

न्यूमोकोकस, हिमोफिलस आणि मोराक्सेला हे जिवाणू धडधाकट, खेळत्या मुलांच्या नाका-घशातही वस्तीला असतात. अंगणवाडीत जाणाऱ्या, दाटीच्या घरात राहणाऱ्या आणि लहान भावंडे असलेल्या मुलांत तर ते नेहमीच सापडतात. इथे पीसीआरची तीव्र संवेदनशीलताच अडचणीची ठरते, कारण तिला हा निरुपद्रवी रहिवासीही दिसतो आणि रोग घडवणाराही, पण दोघांतला फरक कळत नाही. आंगणेवाडीच्या जत्रेला कोण कोण आले होते याची यादी मिळाली, तरी पाकीट कोणी मारले ते त्या यादीवरून समजत नाही. नाकाच्या स्वॅबवरच्या जिवाणूंच्या यादीचेही तसेच आहे.

बांगलादेश, थायलंड, केनिया, गांबिया, माली, झांबिया आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांत झालेल्या 'पर्च' या मोठ्या अभ्यासाने नेमकी हीच अडचण हाताळली. आजारी मुलांबरोबर त्याच परिसरातील निरोगी मुलांचेही नमुने घेऊन दोन्हींची तुलना केली गेली. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचआयव्ही नसलेल्या आणि एक्स-रेमध्ये न्यूमोनिया दिसणाऱ्या गंभीर आजारी मुलांत सुमारे ६१ टक्के आजार विषाणूंमुळे, २७ टक्के क्षयरोग सोडून इतर जिवाणूंमुळे आणि ६ टक्के क्षयरोगामुळे झाला असावा असा त्यांचा अंदाज होता. एकट्या आरएसव्ही या विषाणूचा वाटा सुमारे ३१ टक्के होता. हे आकडे आपल्याकडचे नाहीत, म्हणून ते जसेच्या तसे रत्नागिरी-सिंधुदुर्गाला लावू नयेत. पण निरोगी मुलांशी तुलना केल्याशिवाय नाकातल्या जिवाणूला दोषी धरता येत नाही, हा त्यातला धडा कोठेही लागू आहे.

नमुना कोठून घेतला यावर निकालाचे वजन ठरते. रक्तात किंवा फुप्फुसाच्या आवरणात साठलेल्या पाण्यात न्यूमोकोकसचा डीएनए मिळाला, तर त्याला फार महत्त्व आहे. श्वासनलिकेतील स्रावात तो मोठ्या प्रमाणात मिळाला आणि एक्स-रे, ताप, सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारी रक्ततपासणी) यांच्याशी जुळला, तर तो निकाल बऱ्यापैकी भरवशाचा असतो. निव्वळ नाकाच्या स्वॅबमध्ये मिळाला, तर त्यावरून उपचार ठरवू नयेत. याउलट बोर्डेटेला पर्टुसिस नाकात आढळला, तर तो सहसा उगीच आलेला नसतो. मायकोप्लाझ्मा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी येतो, कारण लक्षणे नसलेल्या काही मुलांतही तो मिळतो आणि आजार बरा झाल्यावर आठवडे, कधी महिने, घशात राहतो.

विषाणू आणि जिवाणू दोन्ही पॉझिटिव्ह आले. मग प्रतिजैविक द्यायचे की नाही?

असे रिपोर्ट फार येतात. विषाणू सापडला म्हणून जिवाणूचा संसर्ग नाही असे ठरत नाही, कारण इन्फ्लुएन्झानंतर न्यूमोकोकस किंवा स्टॅफिलोकोकसचा न्यूमोनिया होणे ही जुनी, परिचित गोष्ट आहे. दोन दिवस ताप उतरून तिसऱ्या दिवशी तो पुन्हा चढला आणि धाप वाढली, तर डॉक्टरांना त्याची शंका येते. मूल हसते-खेळते असेल, ऑक्सिजन ठीक असेल आणि नाकात विषाणूबरोबर हिमोफिलस आढळला असेल, तर प्रतिजैविकाशिवाय एक-दोन दिवस लक्ष ठेवणे हा पर्याय असतो. त्यासाठी पालक मुलाला पुन्हा दाखवायला आणू शकतील, याची डॉक्टरांना खात्री असावी लागते. शेवटची एसटी संध्याकाळी पाचला सुटणाऱ्या गावातल्या मुलाबाबत डॉक्टर अधिक सावध निर्णय घेतात. त्याला कोणी चूक म्हणू नये.

रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर औषध बंद करावे का?

पालकांनी परस्पर बंद करू नये. नमुना नीट घेतला गेला नसेल, जिवाणू फुप्फुसात असून नाकात नसेल किंवा पॅनेलमध्ये त्याचा समावेशच नसेल, तरीही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. मात्र ज्या मुलाचा खोल नमुना चांगला आहे, ज्याची तब्येत सुधारत आहे आणि ज्याच्या इतर तपासण्याही निवळल्या आहेत, त्याची जड प्रतिजैविके थांबवण्याचे किंवा हलकी करण्याचे बळ निगेटिव्ह निकालामुळे डॉक्टरांना मिळते. अतिदक्षता विभागात या तपासणीचा खरा लाभ बऱ्याचदा असाच होतो.

नमुना कसा घेतात? मुलाला दुखते का?

नाकाच्या स्वॅबमध्ये मऊ टोकाची बारीक काडी नाकपुडीतून टाळूला समांतर मागे नेतात, काही क्षण थांबतात आणि फिरवून बाहेर काढतात. मुलाला दुखण्यापेक्षा अस्वस्थ जास्त वाटते. ते रडते, शिंकते, डोळ्यांत पाणी येते. कडेवर बसवून एका हाताने कपाळ आणि दुसऱ्याने दोन्ही हात धरले, तर काम पटकन होते. तान्ह्या बाळांत स्वॅबऐवजी नळीने स्राव ओढून घेता येतो. कॅल्शियम अल्जिनेटचे टोक किंवा लाकडी काडी असलेला स्वॅब पीसीआरला चालत नाही, कारण त्यातील द्रव्ये अभिक्रिया रोखू शकतात. नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या टोकाचा, प्लॅस्टिक काडीचा स्वॅब लागतो.

परिचारिकांसाठी दोन सूचना. विषाणूंसाठीच्या व्हीटीएम द्रवात प्रतिजैविके मिसळलेली असतात. त्यात बुडवलेल्या स्वॅबवर पीसीआर होते, पण जिवाणूंचे कल्चर होत नाही. दोन्ही हवे असल्यास दोन वेगळे नमुने घ्यावेत. दुसरे असे की नमुना २ ते ८ अंश तापमानात ठेवल्यास साधारण ७२ तास टिकतो. त्यासाठी गोठवलेले आइसपॅक वापरावेत. मासळीबाजारातला सुटा बर्फ सहज मिळतो खरा, पण त्याचे पाणी होऊन लेबलवरचे नाव पुसले जाते आणि मग नमुना कोणाचा हेच कळत नाही.

गावातल्या डॉक्टरांनी आधीच प्रतिजैविक दिले आहे. आता तपासणीचा उपयोग होईल का?

कल्चरपेक्षा पीसीआरमध्ये होण्याची शक्यता अधिक आहे, कारण औषधाने मारलेल्या जिवाणूचा डीएनए काही काळ शिल्लक राहतो. पण याच कारणामुळे उपचार पूर्ण झाल्यावर 'जंतू गेला का' हे पाहण्यासाठी पीसीआर पुन्हा करू नये. मूल बरे झालेले असते, रिपोर्ट पॉझिटिव्हच येतो आणि घरात विनाकारण घबराट पसरते. आधी दिलेल्या औषधाचे नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख अर्जावर लिहावी. बाटली किंवा स्ट्रिप सोबत नेली तर उत्तमच.

डांग्या खोकल्यासाठी ही तपासणी कधी करावी?

खोकला सुरू झाल्यापासून पहिल्या तीन आठवड्यांत. त्यानंतर जिवाणूचा डीएनए कमी होत जातो, आणि योग्य प्रतिजैविकाचे पाच दिवस झाल्यावर तपासणीतून फारसे काही हाती लागत नाही. तीन महिन्यांखालील बाळांत तो ओळखीचा 'हूप' आवाज येईलच असे नाही. खोकल्याची उबळ येऊन बाळ काळेनिळे पडणे किंवा श्वास मध्येच थांबणे एवढेच दिसते, आणि हीच बाळे सर्वाधिक धोक्यात असतात. अशा बाळाला तपासणीचा निकाल येण्यापूर्वीच दाखल करून ॲझिथ्रोमायसिनसारखे औषध सुरू करतात. निकाल पॉझिटिव्ह आल्यास घरातल्या इतरांनाही प्रतिबंधक औषध द्यावे लागते. यात दीर्घकाळ खोकणारी आजी किंवा मोठा भाऊ सुटता कामा नये, कारण बाळाला संसर्ग बहुधा त्यांच्याकडूनच झालेला असतो.

एक बारकावा सहसा लक्षात येत नाही. डांग्या खोकल्याच्या काही लशींमध्ये त्या जिवाणूचा डीएनए असतो. ज्या टेबलावर लसीकरण चालते तिथेच स्वॅब घेतला, तर लशीच्या थेंबातला डीएनए स्वॅबवर येऊन निकाल खोटा पॉझिटिव्ह ठरू शकतो. उपकेंद्रात जागा एकच असते हे खरे. तरी निदान टेबल पुसून, हातमोजे बदलून आणि लसीकरणाचा वार टाळून नमुना घ्यावा.

क्षयरोगाच्या सीबीनॅट आणि ट्रूनॅट तपासण्या याच प्रकारच्या आहेत का?

होय, आणि कोकणात सरकारी यंत्रणेत मोफत मिळणारी जिवाणूची रेणवीय तपासणी प्रामुख्याने हीच आहे. सीबीनॅटला जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिली. ती क्षयरोगाचा जिवाणू शोधते आणि रिफाम्पिसिन या औषधाला तो दाद देतो की नाही हेही त्याच वेळी सांगते. ट्रूनॅट ही भारतीय बनावटीची तपासणी असून तिची निर्माती मोलबायो ही कंपनी आपल्या शेजारच्या गोव्यातली आहे. तिला संघटनेची मान्यता २०२० मध्ये मिळाली. यंत्र बॅटरीवर चालते आणि त्याला वातानुकूलित खोली लागत नाही. जून ते सप्टेंबर दिवसातून अनेकदा वीज जाणाऱ्या भागात ही सोय किती मोलाची आहे, ते तालुक्याच्या प्रयोगशाळेत काम केलेल्यांना वेगळे सांगायला नको.

मुलांतला क्षयरोग पकडणे मात्र अवघड असते. त्यांच्या फुप्फुसात जिवाणूंची संख्या कमी असते आणि लहान मुले कफ थुंकत नाहीत, गिळतात. म्हणूनच पहाटे उपाशीपोटी नळीने काढलेले जठरातील पाणी, नाकाच्या मागचा स्राव, इतकेच काय, मुलाची शौचही नमुना म्हणून चालते. शौचाचा नमुना घेताना मुलाला नळी घालावी लागत नाही, दाखलही करावे लागत नाही. पालकांनी याविषयी स्वतःहून जरूर विचारावे. सीबीनॅटच्या 'अल्ट्रा' या सुधारित कार्ट्रिजमध्ये कधी 'ट्रेस' असा निकाल येतो. त्याचा अर्थ जिवाणूचा अगदी अल्प अंश सापडला असा आहे, आणि मुलांत तो पॉझिटिव्हच धरतात, मात्र रिफाम्पिसिनबद्दल त्यातून काही कळत नाही. निगेटिव्ह आल्याने क्षयरोग नाही असे सिद्ध होत नाही. वजन न वाढणे, दोन आठवड्यांहून जुना खोकला किंवा ताप, घरात क्षयरुग्ण असणे आणि एक्स-रे यांवरूनही डॉक्टर उपचार सुरू करू शकतात. 'रिपोर्ट निगेटिव्ह असताना टीबीची औषधे का?' म्हणून ती मध्येच सोडणारे पालक असतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिले.

कोणते औषध लागू पडेल, हेही या तपासणीत कळते का?

थोडेफार कळते. काही पॅनेल औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंची ठरावीक जनुके शोधतात. उदाहरणार्थ, स्टॅफिलोकोकसमधील 'मेक-ए', तसेच 'सीटीएक्स-एम' आणि 'एनडीएम'. पण नमुन्यात तीन जिवाणू असतील, तर सापडलेले जनुक त्यांपैकी कोणाचे हे सांगता येत नाही. शिवाय न्यूमोकोकसचा पेनिसिलिनला होणारा विरोध अशा एका जनुकामुळे नव्हे, तर त्याच्या प्रथिनांत झालेल्या बदलांमुळे येतो आणि तो या पॅनेलांत दिसत नाही. म्हणून गंभीर आजारी मुलात पीसीआरसोबत कल्चर आणि औषध-संवेदनशीलता तपासणी पाठवावीच लागते. पहिल्या दिवशी पीसीआरवरून दिशा ठरते आणि तिसऱ्या दिवशी कल्चरवरून औषध पक्के होते. मायकोप्लाझ्मापुरते सांगायचे, तर त्याला पेशीभित्तिकाच नसते. त्यामुळे अमॉक्सिसिलिनचा त्याच्यावर परिणाम होत नाही आणि केवळ नाव कळल्यानेही उपचार बदलतो.

घसा दुखत असेल तर?

पाच ते पंधरा वर्षांच्या मुलात ताप, घशावर पांढरे ठिपके आणि मानेच्या दुखऱ्या गाठी असतील, पण खोकला-सर्दी नसेल, तर स्ट्रेप्टोकोकससाठी घशाचा स्वॅब उपयोगी आहे. हा संसर्ग अंगावर काढला तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. तीन वर्षांखाली ही तपासणी क्वचितच लागते. घशात राखाडी, चिकटलेला पडदा दिसला, तर तो घटसर्प असू शकतो. तिथे प्रतिविष देण्यासाठी कोणत्याही रिपोर्टची वाट पाहत नाहीत.

मुलाचे सगळे लसीकरण झाले आहे. तरी हे जिवाणू सापडू शकतात?

सापडू शकतात. न्यूमोकोकसची लस राष्ट्रीय कार्यक्रमात २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ मध्ये देशभर आली. ती दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयात देतात. मात्र ती या जिवाणूच्या ठरावीक प्रकारांपासूनच संरक्षण देते, आणि साध्या पीसीआरमध्ये प्रकार कळत नाही. डांग्या खोकल्याच्या लशीचा प्रभाव वर्षांगणिक उतरतो, म्हणून दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा बूस्टर चुकवू नये.

खर्च किती येतो?

क्षयरोगाची तपासणी सरकारी केंद्रांत मोफत आहे. खाजगी प्रयोगशाळेतील मोठ्या पॅनेलला कित्येक हजार रुपये पडतात आणि दर प्रयोगशाळेगणिक बदलतो. एवढा खर्च करण्यापूर्वी डॉक्टरांना सरळ विचारावे: "पॉझिटिव्ह आले तर औषधात काय बदल कराल, आणि निगेटिव्ह आले तर काय?" दोन्हींचे उत्तर 'आहे तेच औषध चालू' असे असेल, तर ते पैसे सध्या बाजूला ठेवावेत. या प्रश्नाने चांगला डॉक्टर रागावत नाही. मोठ्या पॅनेलऐवजी एकाच जिवाणूची पीसीआर पुरेल का, हेही विचारून घ्यावे. डांग्या खोकल्याच्या संशयात ती अनेकदा पुरते.

मुलाला मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्याला हलवायचे ठरले, तर काय सोबत न्यावे?

पीसीआरचा मूळ रिपोर्ट न्यावा. नुसता 'पॉझिटिव्ह' असा निरोप पुरत नाही, कारण नमुना नाकाचा होता की श्वासनलिकेचा आणि तो कोणत्या तारखेला व किती वाजता घेतला, हे पुढच्या डॉक्टरांना लागते. रिपोर्टवर 'सीटी' आकडा (किती फेऱ्यांनंतर डीएनए दिसू लागला तो) असेल तर तोही पाहू द्यावा. हा आकडा जितका लहान तितका नमुन्यात डीएनए जास्त, मात्र दोन वेगळ्या प्रयोगशाळांचे सीटी आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. एक्स-रेची फिल्म, लसीकरणाचे कार्ड आणि दिलेल्या औषधांची वेळांसह यादी बरोबर ठेवावी. निकाल अजून यायचा असेल, तर प्रयोगशाळेचा दूरध्वनी क्रमांक आणि नमुन्याचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर लिहून घ्यावा आणि नव्या रुग्णालयाचा क्रमांक प्रयोगशाळेला कळवावा, म्हणजे रिपोर्ट जुन्या पत्त्यावर पडून राहणार नाही.